प्रज्ञानची सावली

चंद्रावर चकचकीत वस्तू बरीचशी काळी दिसते. चांद्रयान-३ मधल्या प्रज्ञान रोव्हरचं संगणकचित्र करायला घेतलं तेव्हा सगळ्यात आधी ही गोष्ट माझ्या लक्षात आली. त्याआधी बरीच वर्षं मी पुण्यात दागिन्यांची रेंडर करत होते. सराफी पेढ्यांच्या कॅटलॉगमधल्या कितीतरी ठुश्या, बांगड्या आणि मोहनमाळा घडणीला जाण्याआधी संगणकात तयार होतात आणि गिऱ्हाईक त्या चित्रांवरूनच पसंती देतं. या कामात एक गोष्ट अंगात मुरते. सोन्याचं देखणेपण त्याच्यासमोर काय ठेवलंय यावर ठरतं. बांगडीभोवती मोठे पांढरे फलक उभे केले की त्यांची प्रतिबिंबं तिच्या गोलाईवरून वाहतात आणि ती झळाळते. फलक काढून घेतले की तीच बांगडी मलूल होते.

प्रज्ञानच्या अंगावरही पिवळं वेष्टन आहे. ते सोनं नव्हे. कॅप्टॉन नावाची पिवळसर पातळ फिल्म, तिला मागून ॲल्युमिनियमचा मुलामा आणि असे थर एकावर एक. उन्हातान्हापासून आणि गारठ्यापासून आतली यंत्रं सांभाळायची हे त्याचं काम. पण चंद्रावर या वेष्टनासमोर असतं काय? वर काळंभोर आकाश, खाली करडी जमीन, एका बाजूला सूर्य. त्यामुळे वेष्टनाचा मोठा भाग काळा पडतो, सुरकुत्यांच्या कडांवर डोळे दिपवणारे पांढरे चरे उमटतात आणि खालच्या अंगाला जमिनीचा मळकट उजेड लागतो. असं पहिलं रेंडर पडद्यावर उतरलं तेव्हा दागिन्यांच्या हिशेबानं ते कुरूप होतं. मला मात्र ते फार आवडलं. त्यात त्या जागेचा शब्द चालला होता, माझा नव्हे.

या कामाची ओढ जुनी आहे. २००४ च्या जानेवारीत नासाचे स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी हे रोव्हर मंगळावर उतरले. ते उतरण्याआधीच त्यांच्या प्रवासाची एक संगणकफिल्म जगभर पाहिली गेली होती. एअरबॅगांत गुंडाळलेलं यान उसळ्या खात जातं, थांबतं, त्याच्या पाकळ्या उघडतात आणि आत घडी घालून बसलेला रोव्हर सावकाश उभा राहतो. डॅन मास या कॉर्नेल विद्यापीठातल्या तरुणानं ती केली होती. मी तेव्हा कॉलेजात होते. मंगळावर कॅमेरा धरायला कुणीही नव्हतं, तरी ती पाहताना तिथे कुणीतरी उभं आहे असं वाटत राहायचं. जिथे माणूस पोचत नाही तिथे माणसाची नजर उभी करायची, हे काम आपण करावं असं तेव्हाच मनात आलं. ते यायला वेळ लागला. चांद्रयान-३ नंतर एका विज्ञान केंद्राला भिंतभर मोठं चित्र आणि एक छोटी फिल्म हवी होती, तेव्हा ते माझ्याकडे आलं.

प्रज्ञानची उपलब्ध माहिती तशी मोजकी. वजन २६ किलो, लांबी-रुंदी साधारण ९२ आणि ७५ सेंटिमीटर, उंची ४० च्या आसपास, सहा चाकं, ५० वॅटचं सौर पॅनेल, पुढे दोन नेव्हिगेशन कॅमेरे. लोकांना वाटतं तसा तो मोटारीएवढा नाही, गुडघ्याला लागेल एवढा आहे. प्रक्षेपणाआधीची काही छायाचित्रं, विक्रम लँडरच्या कॅमेऱ्यानं टिपलेली काही दृश्यं, एवढ्यावर मॉडेल उभं करायचं. रोव्हरचं पोट कसं आहे, वायरी कुठून कुठे जातात, मागच्या बाजूला कोणते स्क्रू आहेत, हे त्यांत नीट दिसत नाही. मी सुरुवातीलाच एक शिस्त घालून घेतली. प्रत्येक भागाला एक खुणेचा रंग द्यायचा. छायाचित्रात प्रत्यक्ष दिसतो तो हिरवा, आराखड्यावरून किंवा तर्कानं ठरवला तो पिवळा, निव्वळ अंदाजाचा तो लाल. हे रंग अंतिम चित्रात दिसत नाहीत, पण एक बटण दाबलं की सगळा रोव्हर त्या तीन रंगांत समोर येतो. आपल्याला किती माहीत आहे ते तेव्हा कळतं.

मॉडेल करणं हा यातला सोपा भाग. कुठलीही कड पूर्ण धारदार ठेवायची नाही, कारण कारखान्यातून येणाऱ्या कुठल्याही भागाची कड थोडी मारलेली असते आणि त्या बारीक गोलाईवर प्रकाशाची रेघ पकडली जाते. वेष्टन ताणून गुळगुळीत करायचं नाही, कारण ते हातांनी कापून, दुमडून, चिकटपट्टीनं बसवलेलं असतं. असल्या गोष्टी दागिन्यांच्या कामातून येतच होत्या. खरं काम प्रकाशात होतं.

विक्रम २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चंद्राच्या दक्षिण गोलार्धात, सुमारे ६९ अंश अक्षांशावर उतरला. एवढ्या दक्षिणेला सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. भर मध्यान्ही तो क्षितिजापासून जेमतेम वीस-बावीस अंश वर येतो आणि उत्तरेकडून तिरपा सरकत जातो. उतरण्याच्या वेळी तर तो सहा-सात अंशांवरच होता, कारण तिथे सकाळ नुकतीच झालेली होती. म्हणूनच प्रज्ञानचं सौर पॅनेल पाठीवर आडवं पसरलेलं नसतं, एका बाजूला भिंतीसारखं उभं असतं. आडवं ठेवलं असतं तर त्या तिरप्या उन्हात त्याच्या वाट्याला फारसं काही आलंच नसतं.

या एका गोष्टीनं सगळं चित्र बदलतं. सूर्य सात अंशांवर असताना सपाट जमिनीवर पडणारा प्रकाश समोरासमोरच्या उन्हाच्या आठव्या हिश्शाइतकाच असतो. त्यात चंद्राची माती स्वतःच गडद. सरासरी ती पडलेल्या प्रकाशातला जेमतेम बारा टक्के परत पाठवते, म्हणजे जुन्या डांबरी रस्त्याइतकाच. उंचवट्यांच्या प्रदेशातली माती थोडी उजळ, इतकंच. उलट रोव्हरची सूर्याकडची उभी बाजू जवळजवळ पूर्ण ऊन घेते. म्हणजे एकाच चौकटीत रोव्हरची एक बाजू लखलखीत, जमीन काळपट आणि सावली त्याहून काळी. सावली उंचीच्या आठपट लांब. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर कशासाठी लावायचं, हा निर्णय चित्रकारालाच घ्यावा लागतो.

मी २७ ऑगस्टचा दिवस निवडला. त्या दिवशी प्रज्ञानच्या वाटेत सुमारे चार मीटर व्यासाचं विवर आलं होतं. ते तीन मीटर पुढे असतानाच लक्षात आलं, त्याला मागे वळायला सांगितलं गेलं आणि तो नव्या वाटेनं निघाला. इस्रोनं त्या विवराचं आणि मागे वळलेल्या चाकांच्या माग-रेषांचं छायाचित्र प्रसिद्ध केलं होतं. तोवर सूर्य वीस अंशांच्या आसपास चढलेला होता आणि सावली उंचीच्या पावणेतीनपट उरली होती. चित्राला विवराची खोली दाखवायची तर हीच वेळ चांगली.

चंद्रावर हवा नाही म्हणून तिथली सावली पूर्ण काळी आणि कडेला सुरीसारखी धारदार असते, असं सर्रास सांगितलं जातं. दोन्ही अर्धवट खरं आहे. सूर्य हा बिंदू नाही. पृथ्वीवरून दिसतो तसाच चंद्रावरूनही तो साधारण अर्ध्या अंशाचा दिसतो. त्यामुळे एक मीटर लांबून पडणाऱ्या सावलीची कड सुमारे नऊ मिलिमीटर पुसट होते. चाकाजवळ सावली धारदार आणि पॅनेलच्या वरच्या टोकाची सावली मऊ, हा फरक चित्रात आला नाही तर बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकत राहतं. ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सूर्याच्या दिव्याला कोन देता येतो. मी तो कधीच शून्यावर ठेवत नाही.

सावलीच्या आतला उजेड त्याहून महत्त्वाचा. आकाशाचा उजेड नसला तरी उन्हातली जमीन असते, शेजारी लँडर असतो आणि त्यांच्यावरून उडालेला प्रकाश सावलीत शिरतो. अपोलो ११ च्या छायाचित्रांत एडविन ऑल्ड्रिन यानाच्या सावलीत शिडी उतरताना स्वच्छ दिसतात. त्यावरून ही छायाचित्रं स्टुडिओतली, असं म्हणणारे लोक आहेत. २०१४ मध्ये एनव्हिडिया कंपनीच्या लोकांनी तो सगळा देखावा संगणकात उभा केला, प्रकाशाची उसळी मोजली आणि दाखवून दिलं की चंद्राच्या जमिनीवरून, शिवाय नील आर्मस्ट्राँग यांच्या पांढऱ्या पोशाखावरून परतलेला प्रकाश एवढं उजळायला पुरतो. आमच्या धंद्यातल्या साधनांनी लावलेला हा फार मोलाचा निकाल आहे, असं मी मानते. रेंडर म्हणजे नुसती सजावट नव्हे. प्रकाशाचा हिशेब चोख असेल तर ते पुरावा तपासण्याचं साधनही होतं.

मातीनं मात्र बराच काळ घेतला. संगणकात कुठल्याही मॅट पृष्ठभागाला आपसूक लागू होतो तो योहान लॅम्बर्ट यांचा अठराव्या शतकातला नियम. त्या नियमानं चंद्र काढला तर तो मधे उजळ आणि कडेला मावळत जाणारा चेंडू दिसतो. आता कोजागरीचा चंद्र आठवा. तो सपाट तबकडी दिसतो, कडेपर्यंत सारखाच उजळ. कारण चंद्राची माती खडबडीत, सच्छिद्र आणि कोनाकोनांची आहे. ती प्रकाश आला त्याच दिशेला जास्त परत फेकते. १९९४ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या मायकेल ओरेन आणि श्री नायर यांनी खडबडीत पृष्ठभागांसाठी नवं सूत्र मांडलं, तेव्हा त्यांनी या पौर्णिमेच्या चंद्राचाच दाखला दिला होता. ते सूत्र आज जवळजवळ सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. सूर्य पाठीशी असताना आपल्याच सावलीच्या डोक्याभोवती जमीन जास्त उजळ दिसते, तोही मातीच्या याच गुणाचा परिणाम. अपोलोच्या कितीतरी छायाचित्रांत तो दिसतो.

पण सूत्रानं कण मिळत नाहीत. चांद्रयान-२ च्या हाय रिझोल्यूशन कॅमेऱ्याचं कक्षेतून टिपलेलं चित्र एका ठिपक्याला पाव मीटरच्या आसपास जमीन दाखवतं. म्हणजे प्रज्ञानच्या चाकापाशी जे खडे आहेत ते कुठल्याही नकाशात नाहीत. ते आपल्याला घडवावे लागतात. नदीच्या वाळूचे फोटो इथे चालत नाहीत. पाण्यानं तिचे कण गोल झालेले असतात. चंद्रावर वाहतं पाणी नाही, वारा नाही, तिथली धूळ अशनींच्या माऱ्यानं फुटून झालेली, टोकदार. तशी धूळ आपल्याकडे मिळते ती खडीक्रशरवर. पुण्याबाहेरच्या एका क्रशरवर मी संध्याकाळच्या तिरप्या उन्हात क्रश सँड आणि बारीक डस्टचे ढीग टिपायला जात असे. सोबत खाचा पाडलेलं एक छोटं लाकडी चाक. ते डस्टमध्ये दाबून उचललं की खाचांच्या कडा तशाच उभ्या राहायच्या, ढासळायच्या नाहीत. ‘‘ताई, घर बांधायला काढलंय का?’’ तिथल्या मुकादमानं विचारलं. चंद्राची माती करतेय म्हटल्यावर त्यांनी दुसऱ्या खेपेला मला न सांगता चाळून बारीक केलेली डस्ट बाजूला काढून ठेवली होती. चित्रातल्या चाकांच्या माग-रेषांचा आकार त्या डस्टमधून आलेला आहे.

रंग मात्र आपल्या दगडाचा घेता येत नाही. सह्याद्रीचा बेसाल्ट काळा, चंद्रावरच्या डागांच्या, म्हणजे जुन्या लाव्ह्याच्या मैदानांच्या जातीचा. विक्रम उतरला तो प्रदेश उंचवट्यांचा, तिथला दगड फिकट. प्रज्ञानवरच्या क्ष-किरण उपकरणानं केलेल्या मोजमापांचा अहमदाबादच्या भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी अभ्यास केला. तो ऑगस्ट २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्यात ती माती मुख्यतः लोहयुक्त अनॉर्थोसाइट प्रकारची निघाली. इस्रोनं चाचण्यांसाठी कृत्रिम चांद्रमाती केली तीही तमिळनाडूतल्या सित्तमपुंडी भागातला अनॉर्थोसाइट दळून. तेव्हा आकार क्रशरचा आणि रंग सित्तमपुंडीच्या दगडाच्या जवळचा, असं मी ठरवलं.

आकाशाबद्दल बरीच चर्चा झाली. विज्ञान केंद्राच्या प्रमुखांना तारे हवे होते आणि मागे मोठी निळी पृथ्वी हवी होती. ‘‘मॅडम, त्याशिवाय लोकांना चंद्र वाटणार नाही,’’ ते म्हणाले. त्यांचं म्हणणं समजण्यासारखं होतं. आपण सगळ्यांनी तशीच चित्रं पाहिली आहेत. पण उन्हातल्या जमिनीसाठी लावलेल्या एक्स्पोजरला तारे उमटत नाहीत. आणि पृथ्वी? त्या जागेवरून ती वायव्येच्या बाजूला, क्षितिजापासून साधारण पंधरा-वीस अंशांवर कायम तिथेच असते, थोडी डुलते इतकंच. उगवत नाही, मावळत नाही. आपल्याला चंद्र दिसतो त्याच्या सुमारे चौपट रुंद, पण हात लांब केला तर अंगठ्याआड जाईल एवढीच. शिवाय २७ ऑगस्टला पृथ्वीवरून चंद्र पौर्णिमेकडे झुकलेला होता, म्हणजे चंद्रावरून पृथ्वी कोरीएवढीच उजळलेली असणार. मी त्यांना हे कागदावर काढून दाखवलं. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ‘‘मग ही कोरच दाखवू या. लोक विचारतील, आपण सांगू.’’ त्यांच्याबद्दलचा माझा आदर तिथून वाढला. चित्रात आता डाव्या वरच्या कोपऱ्यात ती बारीक निळसर कोर आहे.

अंतराचं भान हा आणखी एक प्रश्न. आपल्याकडे लांबचा डोंगर धुरकट निळा दिसतो, त्यावरून तो लांब आहे हे कळतं. चंद्रावर दूरचं टेकाडही जवळच्या खड्याइतकंच स्पष्ट. १९७१ मध्ये अपोलो १४ चे ॲलन शेपर्ड आणि एडगर मिचेल कोन विवराच्या काठाच्या अगदी जवळ पोचूनही काठ न सापडताच परतले. त्यात चंद्राचा गोलही लहान, त्यामुळे प्रज्ञानच्या उंचीवरून पाहिलं तर क्षितिज सव्वा किलोमीटरच्या आतच संपतं. मी कॅमेरा मुद्दाम त्याच उंचीवर ठेवला. माणसाच्या उंचीवरून काढलं की रोव्हर खेळण्यातला वाटतो. आणि तिथे माणूस नव्हताच.

फिल्ममध्ये वेगाची अडचण आली. प्रज्ञानचा वेग सेकंदाला एक सेंटिमीटर. सेकंदाला चोवीस चौकटी धरल्या तर एका चौकटीत तो अर्धा मिलिमीटरही सरकत नाही. दहा सेकंद पाहत बसलं तर वीतभरही नाही. सहा चाकांची रॉकर-बोगी रचना, जी नासाच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेतल्या डोनाल्ड बिकलर यांनी आखली आणि १९९७ मध्ये सोजर्नरबरोबर मंगळावर पहिल्यांदा चालली, ती या वेगातच नीट पाहता येते. एका बाजूचं चाक दगडावर चढतं, पण मधलं धड दोन्ही बाजूंच्या सरासरीइतकंच कलतं. त्या कलण्यात एक संयम आहे. आम्ही फिल्मची सुरुवात खऱ्या वेगानं दाखवली, नंतर वेग वाढवला आणि तो किती पट वाढवला ते तिथेच पडद्यावर लिहिलं. चाकांमागे धुळीचा लोट दाखवला नाही. हवा नसली की कण वर उडतो, कमान करतो आणि खाली पडतो, तरंगत राहत नाही. त्यात एवढ्या मंद चाकानं तो उडतो तरी किती! आवाज तर नाहीच.

हे सगळं इतकं जपायचं कशाला, असं मला विचारलं जातं. त्याचं उत्तर ऑगस्ट २०२३ च्या त्या आठवड्यात आहे. चंद्राच्या मातीवर अशोकस्तंभाचे सिंह आणि इस्रोचं चिन्ह सुबक उमटलेलं एक चित्र घरोघरच्या फोनवर फिरलं. प्रज्ञानच्या मागच्या चाकांवर ही चिन्हं कोरलेली होती हे खरंच आहे. पण ते चित्र एका कलाकारानं कल्पनेनं केलेलं होतं. इस्रोनं प्रसिद्ध केलेल्या ज्या छायाचित्रांत माग-रेषा दिसतात, त्यांत असे नेटके सिंह मला कुठे दिसले नाहीत. माझ्या आईनंही ते चित्र मला मोठ्या अभिमानानं पाठवलं होतं. तिचा अभिमान खोटा नव्हता. आणि खरं छायाचित्र, विवरासमोरून माघारी वळलेल्या चाकांच्या त्या करड्या खुणा, त्या चित्रापेक्षा कितीतरी मोठी गोष्ट सांगत होतं. एका यंत्रानं वेळीच धोका दाखवला, पृथ्वीवर बसलेल्या माणसांनी त्याला वळवलं. ती गोष्ट मागे पडली याचं मला वाईट वाटतं.

अस्सल छायाचित्रांनाही हा धोका असतो. १९७६ च्या जुलैत व्हायकिंग १ नं मंगळावरून पहिलं रंगीत चित्र पाठवलं, तेव्हा ते घाईत आपल्या आकाशासारखं निळं करून दाखवलं गेलं. रंग नीट तपासल्यावर ते गुलाबीसर ठरलं. तिथे निदान तपासायला कॅमेऱ्याची मूळ मोजमापं होती. रेंडरमागे तसं काही नसतं. ते करणाऱ्यानं आपणहून सांगितलं तरच कळतं.

म्हणून भिंतीवरच्या त्या चित्राच्या आत, खालच्या उजव्या कोपऱ्यात, ‘संगणकनिर्मित कल्पनाचित्र’ असं चित्राचाच भाग म्हणून लिहिलेलं आहे. शेजारी हिरव्या-पिवळ्या-लाल रंगांतलं दुसरं लहान चित्र लावलेलं आहे. खालच्या ओळी फोनवरून फोनवर जाताना गळून पडतात, चित्राच्या आत लिहिलेलं सहसा गळत नाही. माझ्यासारखं काम करणाऱ्या प्रत्येकाला माझी एवढीच विनंती आहे की हे शब्द चित्रात घाला, सहीच्या आधी घाला. आणि जे नव्यानं या कामाकडे वळताहेत त्यांनी मॉडेल उघडण्याआधी इस्रोनं प्रसिद्ध केलेली ती मूळ छायाचित्रं आधी शांतपणे पाहावीत. ती मोफत आहेत, कुणालाही पाहता येतात.